छोटा कॉम्प्युटर जोडताना: आधी वीज, मग हवा, मग बाकीचं

छोटा कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की नवखा माणूस आधी कॅबिनेट पसंत करतो. मग त्यात मावेल असा बोर्ड (मदरबोर्ड), बोर्डावर बसेल असा प्रोसेसर, आणि शेवटी जे पैसे उरतील त्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. पुण्या-मुंबईत, खोलीत एसी असेल तर, हा क्रम खपून जातो. विदर्भात दर्यापूर, मेहकर, पांढरकवडा, ब्रह्मपुरी या बाजूला तो उलटा लावावा लागतो. इथं मशीन हळू चालतं म्हणून फारसं कोणी रडत नाही. ते मे महिन्यात दुपारी तीनला आपोआप बंद होतं, किंवा संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की रिस्टार्ट मारतं, हे खरं दुखणं.

तर छोटा म्हणजे किती छोटा, ते आधी ठरवा. साधं मिड-टॉवर कॅबिनेट ४० लिटरच्या आसपास भरतं. मायक्रो-एटीएक्स बोर्डाचं आटोपशीर कॅबिनेट २० ते ३० लिटर, मिनी-आयटीएक्सचं ५ ते १५ लिटर. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. फरक वीतभराचाही नाही, पण त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मिनी-आयटीएक्स बोर्ड आपल्याकडं बहुतेक वेळा दीडपट ते दुप्पट पडतो. वर त्याला लहान एसएफएक्स एसएमपीएस लागतो, तोही महाग. शेवटचे दहा लिटर वाचवायला सगळ्यात जास्त पैसे जातात आणि बदल्यात मिळतं काय, तर जास्त गरम डबा. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जोडत असाल आणि पैसे मोजके असतील तर मायक्रो-एटीएक्सच घ्या. टेबलाखाली ते बसतंच.

एक फाटा मात्र आधीच सांगून टाकतो. काम फक्त टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, महाडीबीटी, सातबारा, टॅली एवढंच असेल, तर नवीन जोडण्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला जुना एक लिटरचा डबा स्वस्त पडतो. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी हे त्यातले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणून सहावी-सातवी पिढी स्वस्त दिसली तरी हात लावू नका. आय५-८५००टी सारखा ३५ वॅटचा सहा कोरचा प्रोसेसर या कामाला भरपूर झाला. घेताना अ‍ॅडॅप्टर मूळ कंपनीचा आहे का आणि बायोसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड तर नाही ना, हे दुकानातच बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येतही तिथंच तपासा. पुढचं सगळं, ज्याला स्वतः जोडूनच शिकायचं आहे, त्याच्यासाठी.

भाव इथं लिहीत नाही. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरांच्या मागणीनं रॅमचे भाव असे भडकले की महिन्यापूर्वीचं कोटेशनही कामाचं राहिलं नाही. म्हणूनच डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या नादी न लागता आधीच्या डीडीआर४ वरचा संच बघा. त्याची वापरलेली रॅमही बाजारात मिळते, आणि रॅम ही जुनी घेतली तरी सहसा दगा न देणारी वस्तू आहे.

दोन संच डोळे झाकून सांगता येतात. पहिला एएमडी रायझन ५ ५६००जी, बी५५० किंवा ए५२० चिपसेटच्या मायक्रो-एटीएक्स बोर्डावर. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच. दुसरा इंटेल आय३-१२१००, एच६१० बोर्डावर. चार कोर, आठ थ्रेड. पोरांना थोडं गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर पहिला, नाहीतर दुसरा. इंटेल घेताना नाव नीट वाचा. १२१००एफ थोडा स्वस्त असतो, पण त्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं बरोबर जोडूनही स्क्रीन काळीच राहते. एच६१० घेताना तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हेही बघा. दोन्ही प्रकार विकले जातात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीकडं जुना बोर्ड मिळाला तर त्याचं बायोस ५६००जी ओळखतं का, हे बोर्ड कंपनीच्या साइटवरच्या यादीत आवृत्तीसकट तपासा.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन कांड्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. एकच कांडी असली की रस्ता अर्धा होतो आणि गेममध्ये फ्रेम ढासळतात. आज दोनचे पैसे नसतील तर ८ ची एक घ्या, तिचं मॉडेल लिहून ठेवा आणि पुढच्या हंगामात तशीच दुसरी लावा. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), एम.२ आकाराची. २२८० असं लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. एम.२ आकारात साटा (जुन्या, हळू प्रकारची) एसएसडीही येते. ती दिसायला जवळपास तशीच असते, पण काही बोर्ड ती ओळखत नाहीत.

आता एसएमपीएस. सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा.

स्वस्त कॅबिनेटसोबत '४५० वॅट' असं स्टिकर लावलेला एसएमपीएस फुकट येतो. तो काढून ठेवा. स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याकडं बघू नका, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अ‍ॅम्पिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अ‍ॅम्पिअर असतील तर तो २१६ वॅटचा माल आहे, वर ४५० लिहिलेलं असो की ६००. ५६००जीचं अख्खं मशीन, ग्राफिक्स कार्ड नसताना, पूर्ण जोरातही १०० वॅटच्या आसपासच खातं. म्हणजे वॅट तर त्या फुकटच्यातही पुरतात. अडचण दुसरीच आहे: त्याचा इनपुट.

लेबलवर एसी इनपुट लिहिलेलं असतं. स्वस्तातले २०० ते २४० व्होल्टचे असतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (आत येणारी वीज नीट खेचणारं सर्किट) असलेले बरेच १०० ते २४० चे. गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब, संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येणं नवलाचं नाही. २००-२४० वाला तिथं थोडाही लोड आला की मान टाकतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. १००-२४० वाल्याला काही कळतही नाही. म्हणून ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), आणि लेबलवर १००-२४० लिहिलेला नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. काही कंपन्या भारतात २००-२४० वालेच ब्रॉन्झ विकतात, तेव्हा ब्रॉन्झ हा शब्द बघून समाधान मानू नका. मग स्टॅबिलायझर लागत नाही. उलट रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर टकटक करत टप्पे बदलतो आणि त्या झटक्यातच कधी कधी मशीन बंद पडतं.

दुसरा प्रश्न लोडशेडिंगचा. घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा युपीएस घेण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बहुतेकांना युपीएस आणि इको किंवा नॉर्मल असे दोन मोड असतात. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. युपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर १० मिलिसेकंदांच्या आसपास बॅटरीवर येतो, मशीन चालू राहतं. नॉर्मल मोडमध्ये त्याला याहून बराच जास्त वेळ लागतो, बल्बला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही. 'इन्व्हर्टर असून बंद पडतो' ही तक्रार बहुतेक ठिकाणी या एका बटणाची असते.

पण युपीएस मोडची एक गोम आहे. त्यात इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतो. व्होल्टेज १७० असेल तर वीज असूनही तो बॅटरीवरच चालत राहतो, आणि खरी लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी. ज्यांच्याकडं रोजच व्होल्टेज पडतं त्यांनी इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर ठेवून कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा छोटा युपीएस मध्ये लावावा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, पाच-दहा मिनिटांत काम सेव्ह करायला पुरे. इन्व्हर्टर साईन वेव्हचाच (घरच्या लाईनसारखी वीज देणारा) हवा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस गुरगुरतो, गरम होतो, कधी चालतच नाही, आणि युपीएसही ती वीज नाकारून स्वतःची बॅटरी संपवतो.

अर्थिंगचं तर बोलायलाच नको. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही गावोगावची गोष्ट. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, त्यांतून अगदी थोडा करंट अर्थमध्ये जायला हवा. अर्थच नसेल तर पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. एवढ्या करंटनं जीव जात नाही, पण यूएसबी आणि एचडीएमआय पोर्ट मरतात. थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन काढून टू-पिनमध्ये खुपसणं बंद करा. घराला अर्थिंग नसेल तर मीठ-कोळशाचा खड्डा वायरमनकडून करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत चला. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हातभर भेगा पडतात, कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरतं. मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की स्विच बंद करून भागत नाही, टॉप ओढून काढायचा. ब्रॉडबँडची तांब्याची केबल असेल तर तीही. पोर्ट जळालेले बोर्ड पुष्कळदा त्याच वाटेनं गेलेले असतात.

उन्हाचं गणित सोपं आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक पंखा घालवू शकत नाही ती गरमी. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ८७ वर जातो. ५६००जीची मर्यादा ९५ आहे, त्यापुढं तो स्वतःच वेग कमी करतो. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू थंड खोलीतले असतात, त्यातल्या आकड्यांत वीसेक अंश मिळवूनच वाचा. उपाय दोन. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं तोंड असलेलं नको. पुढं हवा आत घेणारा १२० मिमीचा एक पंखा, मागं बाहेर फेकणारा एक. आणि बायोसमध्ये ५६००जीची मर्यादा ६५ वरून ४५ वॅटवर आणा. सीटीडीपी किंवा इको मोड या नावानं ती सापडते. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं.

आता गंमत अशी, की खोलीत कूलर असतोच, आणि माणूस हौसेनं कॉम्प्युटर त्याच्या झोतात ठेवतो. ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते पण ओली असते, सोबत पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार आणते. हळूहळू स्लॉटच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसू लागतो. कूलर खोलीत असू द्या, झोत मशीनवर नको, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

जोडायला एक फिलिप्स पेचकस, तोही चुंबकाचा, एवढंच हत्यार लागतं. प्लास्टिकच्या खुर्चीत, नायलॉनच्या साडीच्या घडीवर बोर्ड ठेवून काम करू नका. लाकडी टेबल आणि खाली बोर्डाचाच खोका. अंगावरची स्थिर वीज बोर्डाला लागू नये म्हणून सुरू करण्याआधी लोखंडी खिडकीला हात लावा.

सगळं आधी कॅबिनेटच्या बाहेर, खोक्यावरच जोडून चालू करायचं. हा नियम पाळला तर निम्मी डोकेदुखी जाते. एएमडीच्या ५६००जीला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, इंटेलच्या १२१०० ला त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये. दोन्हीकडं कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, त्रिकोणाला त्रिकोण जुळवायचा, दांडी उचलायची, प्रोसेसर अलगद ठेवायचा. एएमडीचा स्वतःच्या वजनानं खाली बसतो, दाबायचं नाही. इंटेलच्या बोर्डाची दांडी दाबताना मात्र बराच जोर लागतो, करकर आवाजही येतो, घाबरू नका. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण तेव्हा आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं.

एएमडीसोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर चार स्क्रूंवर बसतो. त्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की बोर्डामागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. नवख्याला वाटतं काहीतरी मोडलं. तीच प्लेट मागून धरून स्क्रू तिरकस जोडीनं थोडे थोडे आवळायचे. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्याही तिरकस जोडीनं, 'टक्' आवाज येईपर्यंत. बोर्ड उलटा करून चारही पिनांची काळी टोकं आरपार आली का बघा. एक अर्धवट राहिली की प्रोसेसर पाच मिनिटांत ९० च्या वर. थर्मल पेस्ट कूलरला लावूनच येते, बोटानं पुसून बघू नका. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

रॅम दोन्ही बाजूंची टोकं बसेपर्यंत दाबायची. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. एसएसडी तिरपी आत सरकवून खाली दाबून बारीक स्क्रू लावायचा. तो स्क्रू सतरंजीवर पडला की सापडत नाही, वाटीत ठेवा.

मग एसएमपीएसच्या दोन वायरी: चोवीस पिनची मोठी आणि प्रोसेसरची आठ किंवा चार पिनची. दुसरी लावायची राहते ती नवख्यांकडून हमखास. तेव्हा पंखा फिरतो, लाईट लागतात, स्क्रीन काळी. ग्राफिक्स कार्डाची सहा-अधिक-दोनवाली वायर त्या जागी कोंबू नका, तिच्यावर पीसीआय-ई लिहिलेलं असतं. आता बोर्डावर फ्रंट पॅनेलच्या (कॅबिनेटचं बटण आणि लाईट जोडायच्या) जागेवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू होतं. पहिल्यांदा मिनिटभर स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड रॅम ओळखत असतो, लगेच टॉप ओढू नका. मिनिटानंतरही काही दिसलं नाही तर एकच कांडी ठेवून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. नवीन मशीनमध्ये काळ्या स्क्रीनचं मोठं कारण नीट न बसलेली रॅम हेच असतं.

चाललं की कॅबिनेटात. मागची पत्र्याची आयओ पट्टी (पोर्टांच्या भोकांची) बोर्डाच्या आधी बसवायची. पितळी स्टँड फक्त बोर्डाला भोकं आहेत तिथंच ठेवा, जास्तीचा एक राहिला तर तो बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट करतो. स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्ड बरेचदा अरुंद असतात, उजव्या काठाला स्क्रूच नसतो, आणि चोवीस पिनची वायर नेमकी तिथंच लागते. म्हणून ती दाबताना बोर्डाखाली बोटाचा आधार द्या, नाहीतर बोर्ड वाकतो. फ्रंट पॅनेलच्या वायरींत स्विचला उलटसुलट नसतं, एलईडीला असतं. पुढच्या यूएसबी ३ ची जाड वायर सरळ बसवा, तिच्या जागेतल्या पिना फार लवकर वाकतात.

बायोसमध्ये गेल्यावर एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बरेचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. बायोस अपडेट करायचंच असेल तर मशीन युपीएसवर असताना, आणि आभाळ भरून आलेलं नसताना.

विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवायला ८ जीबीचा पुरतो, पण डाउनलोड कित्येक जीबीचं असतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते ओढायला बसू नका, तालुक्याला वायफाय असेल तिथून करून आणा. लिनक्स मिंट तीनेक जीबीत येतं, फुकट आहे, त्यात मराठी इनस्क्रिप्टही मिळतं. मात्र सेतू केंद्रासारखं काम असेल, बोटांचे ठसे घेणारं यंत्र लावायचं असेल, तर विंडोजच लागेल. इन्स्टॉल करताना विंडोज नेट मागतं आणि स्वस्त बोर्डाला वायफाय नसतं. फोन डेटा केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, सहसा ड्रायव्हरशिवाय नेट सुरू होतं.

खरेदीचं एवढंच: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तीन वस्तू नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या एकाच दुकानातून घ्या आणि 'भाऊ, काउंटरवर डिस्प्ले आणून दाखवा' म्हणा. इंटेलच्या बोर्डाचं सॉकेट झाकण उचलून बघा, पिना सगळ्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. खोकाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे म्हणून सुटा मिळणाऱ्याला ती सहसा फक्त दुकानदाराच्या तोंडची. पक्कं जीएसटी बिल घ्या. ऑनलाइन मागवायचं तर आपल्या पिनकोडवर परत नेण्याची सोय आहे का ते आधी बघा, बऱ्याच गावांना माल येतो पण परत जात नाही.

सोयाबीन आणि तूर निघायच्या दिवसांत थ्रेशरचं कुटार आणि कापसाचे पुंजके जाळीवर गादीसारखे बसतात. त्या दोन-तीन महिन्यांत दर पंधरवड्याला जाळी काढून झटका, बाकी वर्षभर दोन महिन्यांतून एकदा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळा सुटला की तो बेअरिंग खराब करून घेतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या तुटल्या असतील तर त्या जागी बारीक लोखंडी जाळी बसवा. पाल आत शिरून एसएमपीएसच्या उबेला बसते, आणि शॉर्ट झाला तर ती जाते आणि एसएमपीएसही.